क्लिंगॉनचे व्याकरण आणि क्लिंगॉनची वाणी

व्याकरण हे भाषेच्या मागून येते, हा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला प्रारंभीच दिला जाणारा पाठ होय. लोक बोलत असतात. वैयाकरण ते ऐकतो, टिपून घेतो, त्याची वर्गवारी करतो आणि मग नियम सांगतो. नियमाला प्रामाण्य येते ते बोलण्यामुळे. बोलण्याला नियमामुळे नव्हे. ध्वनिमुद्रणाचे साधन हाती आल्यापासून या पाठाला मोठेच बळ मिळाले. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाला जोडून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत येथील भाषांच्या व बोलींच्या ध्वनिमुद्रिका तयार करण्यात आल्या. त्यांचे महत्त्व याच गोष्टीत आहे. छापील नमुना कितीही काळजीपूर्वक टिपलेला असला, तरी तो टिपणाऱ्याच्या कानातून आलेला असतो. मुद्रिका हाती असली म्हणजे त्या कानाची परीक्षा घेता येते.

या क्रमाला उलट दिशेने जाणारी एक भाषा गेल्या चार दशकांत अमेरिकेत उभी राहिली आहे. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची दूरचित्रवाणी-मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. तीत १९६७ पासून क्लिंगॉन नावाची एक युद्धप्रिय परग्रहवासी जमात दिसू लागली. परंतु ही जमात पडद्यावर इंग्रजीच बोलत असे. तिची स्वतंत्र भाषा मार्क ओक्रँड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८४ च्या चित्रपटासाठी रचली. तिचे व्याकरण व शब्दकोश एकाच ग्रंथात १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १९९२ मध्ये निघाली. १९९२ व १९९३ या दोन वर्षांत या भाषेच्या दोन ध्वनिफितीही प्रसिद्ध झाल्या. पेन्सिल्व्हेनियात १९९२ मध्ये या भाषेच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली व तिने नियतकालिक चालविले, १९९६ मध्ये ‘हॅम्लेट’चे भाषांतर प्रसिद्ध झाले, २०१० मध्ये द हेग येथे या भाषेतील संगीतिका रंगभूमीवर आली. हा सगळा हौशी मंडळींचा खेळ आहे, असे म्हणून विद्वान मंडळी सहसा तिकडे पाठ फिरवितात. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा एक प्रश्न या खेळात विलक्षण स्पष्टपणे पुढे येतो. व्याकरण वाचून येणारी भाषा आणि ध्वनिफीत ऐकून येणारी भाषा या दोन्ही एकच असतात काय? जेथे व्याकरण लिहिणारा आणि उच्चार करून दाखविणारा एकच मनुष्य आहे, तेथे तरी त्या एक असाव्यात, अशी अपेक्षा साहजिक आहे. ती पुरी होत नाही, आणि का होत नाही हे पाहणे उद्बोधक आहे.

(पुढील विवेचनात क्लिंगॉन शब्द देवनागरीत दिले आहेत. क़, ख़ व ग़ ही अक्षरे उर्दूतील उच्चारांप्रमाणे घ्यावीत. शब्दाच्या शेवटी येणारे ’ हे चिन्ह कंठद्वार क्षणभर बंद करून केलेल्या स्पर्शाचे आहे.)

१

प्रथम व्याकरणाचा विचार करू. ओक्रँड यांच्या ग्रंथाची मांडणी अमेरिकेतील आदिवासी भाषांच्या वर्णनात्मक व्याकरणांसारखी आहे. आरंभी ध्वनी, मग नाम, मग क्रियापद, शेवटी वाक्यरचना. प्रत्ययांचे वर्ग त्यांच्या स्थानानुसार पाडले आहेत. नामाला लागणाऱ्या प्रत्ययांची पाच स्थाने आहेत आणि क्रियापदाला लागणाऱ्यांची नऊ. शिवाय नकार, जोर वगैरे दाखविणारे काही प्रत्यय या रांगेत फिरते राहतात. ‘यित’ म्हणजे चालणे. ‘यितविपबे’’ म्हणजे तो चालायला भीत नाही. ‘यितबे’विप’ म्हणजे त्याला न चालण्याची भीती वाटते. ‘बे’’ हा नकार ज्या अंशामागे उभा राहतो, त्याच अंशाला नाकारतो. हा नियम नेटका व निरपवाद आहे. जिवंत भाषांच्या व्याकरणात असा नेटकेपणा क्वचितच आढळतो.

क्रियापदाच्या आधी येणारे उपसर्ग कर्ता व कर्म या दोहोंचा एकदम निर्देश करतात. ‘लेग़’ म्हणजे पाहणे. ‘क़ालेग़’ म्हणजे मी तुला पाहतो. ‘चोलेग़’ म्हणजे तू मला पाहतोस. ‘मुलेग़’ म्हणजे तो मला पाहतो. क्रियापदाला काळ नाही. क्रिया पूर्ण झाली की चालू आहे, एवढेच प्रत्ययांनी दाखविले जाते. इंग्रजीतील ‘असणे’ या अर्थाचे क्रियापदही नाही. वाक्यातील पदक्रम कर्म, क्रियापद, कर्ता असा आहे. ‘लोड लेग़ बे’’ या वाक्याचा अर्थ ‘बाई पुरुषाला पाहते’ असा होतो, कारण ‘लोड’ म्हणजे पुरुष, ‘बे’’ म्हणजे बाई, आणि विभक्तीचे काम केवळ स्थानच करते. हा पदक्रम जगातील भाषांत अत्यंत विरळ आहे. ब्राझिलमधील हिश्कार्याना या भाषेत तो मूळ क्रम म्हणून आढळतो, असे डेस्मंड डर्बीशर यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, तेव्हा अभ्यासकांना त्याचे आश्चर्य वाटले होते.

या सर्व वैशिष्ट्यांमागील धोरण उघड आहे. भाषा परग्रहावरची वाटावी म्हणून मानवी भाषांत जे विरळ, ते निवडावे. जे सर्वत्र आढळते, ते टाळावे. परंतु एकेक वैशिष्ट्य सुटे करून पाहिले असता त्यातील एकही मानवी भाषांच्या कक्षेबाहेरचे नाही. किंबहुना, त्यांपैकी कित्येकांचे परकेपण हे केवळ इंग्रजी वाचकापुरते आहे. ‘तो माझा भाऊ’ या मराठी वाक्यात क्रियापद नाही, आणि ते कोणाला खटकतही नाही. कर्माला अनुसरून क्रियापदाने रूप बदलावे, हेही मराठीत नवे नाही. ‘त्याने आंबा खाल्ला’ आणि ‘त्याने पोळी खाल्ली’ ही वाक्ये पाहिली म्हणजे ते ध्यानात येईल. तात्पर्य, ओक्रँड यांनी ‘अमानवी’ म्हणून जे रचले, त्यातील बराच भाग वस्तुतः ‘अ-इंग्रजी’ आहे. ग्रंथ नुसता वाचणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. कारण ग्रंथ इंग्रजीत आहे. प्रत्येक नियम इंग्रजीपासून तो किती दूर आहे या मापानेच सांगितलेला आहे.

२

हे माप खऱ्या अर्थाने मोडते ते ध्वनिफीत ऐकताना.

क्लिंगॉनमध्ये एकवीस व्यंजने व पाच स्वर आहेत. ग्रंथात ती रोमन लिपीत दिली असून लहान व मोठ्या अक्षरांत अर्थभेद केला आहे. शब्दाच्या मध्यभागी अचानक उभे राहिलेले मोठे अक्षर पाहून वाचक दचकतो. त्याला वाटते की, येथे काहीतरी अपूर्व ध्वनी असला पाहिजे. मोठ्या ‘डी’ या अक्षराचा उच्चार सांगताना ग्रंथकर्त्याने जिभेचे टोक दातांपासून किती मागे न्यावे, हे सविस्तर समजाविले आहे. मराठी विद्यार्थी हे वर्णन वाचून प्रयत्नपूर्वक जीभ वळवू लागतो. मग तो ध्वनिफीत ऐकतो, आणि त्याच्या कानी पडतो तो निव्वळ ‘ड’. गोड, लाड, आवड यांमधील ‘ड’. इंग्रजी कानाला जो कर्कश व रानटी वाटावा म्हणून मुद्दाम आणला, तो ध्वनी मराठी कानाला घरचा आहे. परकेपण ध्वनीत नसून ऐकणाऱ्यात असते, याचा याहून सोपा पुरावा शोधून सापडणार नाही.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. मोठ्या ‘एस’ या अक्षराने दाखविलेला ध्वनी त्याच मूर्धन्य स्थानावरचा आहे, म्हणजे आपल्या वर्णमालेतील ‘ष’ होय. मराठी विद्यार्थी हे वाचताच निश्चिंत होतो, कारण ते अक्षर त्याच्या लिपीत आहे. परंतु फीत ऐकून तो तसा उच्चार करू जातो, तेव्हा त्याच्या तोंडून ‘श’ बाहेर पडतो. मराठी बोलण्यात ‘श’ व ‘ष’ यांचा भेद बहुतेकांच्या बाबतीत नष्ट झालेला आहे. अक्षर डोळ्याला ठाऊक आहे, कानाला नाही. एका ठिकाणी व्याकरणाने सोपे ते अवघड करून सांगितले. दुसऱ्या ठिकाणी अवघड ते सोपे आहे असा भ्रम लिपीने निर्माण केला. दोन्ही चुका ध्वनिफितीनेच दुरुस्त केल्या.

ध्वनींच्या व्यवस्थेविषयीही असेच म्हणता येईल. मराठी वर्णमालेत ट, ठ, ड, ढ, ण असा सबंध वर्ग एका स्थानावर उभा असतो. क्लिंगॉनमध्ये ‘ड’ आहे, पण त्याच्या जोडीचा ‘ट’ नाही. ‘त’सारखा एक ध्वनी आहे, पण तो जिभेच्या पुढच्या स्थानावरचा, आणि त्याच्या जोडीचा ‘द’ नाही. साधा ‘क’ नाही व साधा ‘ग’ही नाही, उलट ‘क़’, ‘ख़’ व ‘ग़’ मात्र आहेत. वर्गांची घडी अशी मुद्दाम विसकटलेली आहे. कागदावर हे कोष्टक केवळ लहरी दिसते. कानाने ऐकताना मात्र कळते की, जोडीदार नसल्यामुळे प्रत्येक ध्वनीला मोकळी जागा मिळाली आहे, आणि बोलणारा थोडा इकडेतिकडे सरकला तरी अर्थ बिघडत नाही. ज्या ठिकाणी खरोखर गर्दी आहे ते ठिकाण एकच, घशाचे. तेथे ‘क़ाग़’, ‘क़्ख़ाग़’ आणि ‘ख़ाग़’ असे तीन निरनिराळे शब्द आहेत. पहिला क्लिंगॉन लोकांच्या आवडीच्या जिवंत अळ्यांच्या खाद्याचे नाव आहे, दुसऱ्याचा अर्थ चूक आणि तिसऱ्याचा अर्थ हसणे. हे तिन्ही ग्रंथात वाचून पाठ करता येतात. ओळखता येतात ते पुनःपुन्हा ऐकूनच. जो विद्यार्थी दुसऱ्या व तिसऱ्यात गफलत करील, तो चुकेल आणि हशाही पिकवील. शब्दान्तीचा कंठस्पर्शही असाच फसवा आहे. ‘जे’ म्हणजे आणि. ‘जे’’ म्हणजे विकत घेणे. मराठी कान शब्दान्ती अशा बंद होणाऱ्या कंठाची दखल घेत नाही. त्याला ते बोलणाऱ्याचे थांबणे वाटते.

३

येथवर ध्वनिफितीची बाजू जिंकली असे दिसेल. परंतु तिच्या मर्यादाही तितक्याच गंभीर आहेत, आणि टीकेचा खरा विषय त्याच आहेत.

१९९२ च्या फितीची रचना प्रवाशांसाठी काढलेल्या संभाषणपुस्तकासारखी आहे. निवेदन मायकेल डॉर्न या नटाच्या आवाजात असून प्रसंगानुरूप वाक्ये दिली आहेत. भेटीच्या वेळी उच्चारावयाचा ‘नुक़नेख़’ हा शब्द त्यात येतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘काय हवे आहे?’ असा असून, या लोकांत औपचारिक अभिवादन नाही हेच त्यातून सुचविले आहे. दुसऱ्या फितीत म्हणी व वीरवचने यांवर भर आहे. दोन्हींत क्लिंगॉन बोल येतात ते प्रामुख्याने ग्रंथकर्त्याच्याच आवाजात. म्हणजे ज्याने नियम लिहिले, तोच ते नियम उच्चारून दाखवितो. ग्रियर्सन यांच्या मुद्रिकांतील भाषक सर्वेक्षकाहून वेगळा होता. त्याचा आवाज टिपणाची परीक्षा घेऊ शकत होता. येथे परीक्षक व परीक्षार्थी एकच आहेत. विद्यार्थ्याला जो आवाज ऐकू येतो, तो साक्षीदाराचा नव्हे, वकिलाचा होय.

याचा परिणाम असा की, फितीतील प्रत्येक वाक्य पूर्ण, सावकाश व निर्दोष आहे. कोणी अडखळत नाही, कोणी वाक्य अर्धे सोडत नाही, कोणी दुसऱ्याचे बोलणे तोडत नाही. नियमांच्या ग्रंथात लष्करी घाईच्या वेळी उपसर्ग गाळून बोलण्याची रीत वर्णिलेली आहे. पण ती घाई फितीत क्वचितच जाणवते. वाक्याचा सूर प्रश्नात कसा चढतो, रागात कोठे तुटतो, हेही या फितींतून शिकता येत नाही, कारण तेथे राग अभिनयाचा आहे आणि सूर इंग्रजी अभिनयाच्या परंपरेतला आहे. भाषेचा सांगाडा परका व चाल मात्र ओळखीची, अशी ही स्थिती आहे. शब्दसंग्रहातही हेच दिसते. ‘माशा’ला दिलेला ‘ग़ोति’’ हा शब्द इंग्रजी लेखनपद्धतीच्या विक्षिप्तपणावरील जुन्या विनोदातून घेतला आहे. इंग्रजी न जाणणाऱ्या क्लिंगॉनला तो विनोद कधीच कळणार नाही.

तथापि, एवढ्यावरून वाणी ही येथे व्याकरणाची दासी आहे असा निष्कर्ष काढला तर तोही उतावीळपणाचा ठरेल. या भाषेचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. तिचे पहिले शब्द १९७९ च्या चित्रपटात आले. ते जेम्स डूहन या नटाने सुचविलेले निव्वळ घोष होते. त्यांना व्याकरण नव्हते. ओक्रँड यांनी पाच वर्षांनी ते घोष पायाभूत धरून त्यांतूनच आपली ध्वनिव्यवस्था उभारली. म्हणजे येथेही आरंभ वाणीचाच होता. पुढे चित्रीकरणाच्या वेळी नट जे चुकत, त्यांतले काही उच्चार तसेच ठेवून नियम त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागले, असे ओक्रँड यांनी स्वतःच सांगितले आहे. सर्वांत बोलके उदाहरण १९९१ च्या चित्रपटातील आहे. हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध द्विधेचा उल्लेख त्यात क्लिंगॉनमध्ये करावयाचा होता. ‘असणे’ हे क्रियापद भाषेत नसल्यामुळे ओक्रँड यांनी ‘जगणे’ या अर्थाच्या ‘यिन’ या क्रियापदाचा उपयोग केला. ख्रिस्तोफर प्लमर या नटाला तो उच्चार पुरेसा जोरकस वाटेना. तेव्हा ‘ताख़’ हे क्रियापद योजण्यात आले. हा मुळात क्रिया चालू असल्याचा एक प्रत्यय होता. त्याला ‘टिकून राहणे’ या अर्थाने स्वतंत्र क्रियापदाचा दर्जा मिळाला. एका नटाच्या कानाने प्रत्ययाचे क्रियापद केले. जिवंत भाषांत शब्द झिजून त्याचा प्रत्यय होतो, हे सर्वज्ञात आहे. येथे दिशा उलट आहे. परंतु बदलाचे कारण मात्र जिवंत भाषांतलेच आहे. बोलणाऱ्याला नियम तोंडात बसेना, म्हणून नियम सरकला.

१९९७ च्या आपल्या पुढील ग्रंथात ओक्रँड यांनी क्लिंगॉनच्या प्रादेशिक बोलींचे वर्णन केले. त्यांपैकी एका बोलीत ‘ब’च्या जागी ‘म’ येतो, आणि दुसऱ्या एकीत घशातील ध्वनींची सबंध रांगच सरकलेली असते. या बोली काल्पनिक आहेत. पण त्यांची गरज का भासली, हे पाहणे महत्त्वाचे आहे. एकच निर्दोष उच्चार सांगणारे व्याकरण अनेकांच्या तोंडी गेले की, त्यात फरक पडणार. ते फरक चुका म्हणून टाकून द्यावयाचे, की बोली म्हणून स्वीकारावयाचे, हा प्रश्न प्रत्येक प्रमाणभाषेपुढे असतो, तसा तो या भाषेपुढेही आला, आणि तिच्या कर्त्याने स्वीकाराची वाट धरली. याच वृत्तीने १९८५ च्या व्याकरणातील एक टीप लिहिलेली आहे. भीती दाखविणारा ‘विप’ हा प्रत्यय ‘मी’ किंवा ‘आम्ही’ यांसाठी वापरणे व्याकरणदृष्ट्या चूक नाही. परंतु कोणताही क्लिंगॉन तसे बोलणार नाही, असे तेथे सुचविले आहे. नियमाने जे शक्य, ते बोलण्यात निषिद्ध असू शकते, एवढे मान्य करणारा वैयाकरण वाणीचे महत्त्व जाणत नव्हता असे म्हणता येणार नाही.

४

हे भान त्याला कोठून आले, याचे उत्तर त्याच्या पूर्वीच्या कार्यात आहे. ओक्रँड यांनी १९७७ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध मुत्सुन या भाषेचे व्याकरण हा होता. कॅलिफोर्नियातील सान हुआन बाउतिस्ता या मिशनच्या परिसरात ही भाषा बोलली जात असे. तिच्या शेवटच्या अस्खलित भाषक आसेन्सिओन सोलोर्सानो या १९३० मध्ये निवर्तल्या. त्यांच्या अखेरच्या काळात जे. पी. हॅरिंग्टन यांनी त्यांच्याकडून भराभर टिपणे घेतली. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर ओक्रँड यांनी व्याकरण लिहिले ते त्या टिपणांवरून. शंका आली तर विचारण्यासारखे कोणी उरले नव्हते.

या पार्श्वभूमीवर क्लिंगॉनच्या ग्रंथाकडे पाहिले म्हणजे त्याचे स्वरूप वेगळेच दिसू लागते. त्या ग्रंथाने माल्ट्झ नावाच्या एका बंदिवान क्लिंगॉनची कल्पना केली आहे. सर्व माहिती त्याच्याकडून मिळाली असे भासविले आहे, आणि नवे शब्द पुढेही त्याच्याच नावावर येत राहिले. वरवर हा विनोद आहे. परंतु ज्याने उत्तर देणारे कोणी नसलेल्या भाषेचे व्याकरण लिहिले, त्याने आपल्या कल्पित भाषेसाठी सर्वांत आधी काय निर्माण केले, तर प्रश्न विचारता येईल असा एक भाषक. या कल्पनेमागे कोणता हेतू होता हे सांगता येत नसले, तरी तिचे औचित्य निर्विवाद आहे. व्याकरण लिहिण्याला दुसऱ्या कोणाचा तरी आवाज लागतो. तो नसेल तर तो कल्पावा लागतो.

येथेच या भाषेच्या अध्ययनाचे खरे मोल आहे, आणि तिच्यावरचा खरा आक्षेपही. क्लिंगॉन शिकणारा विद्यार्थी एक नीटस व्याकरण शिकतो आणि एक निर्दोष आवाज ऐकतो. पण ज्या तिसऱ्या गोष्टीमुळे भाषा ही भाषा ठरते, ती त्याला या दोन्हींत मिळत नाही. ती म्हणजे वैयाकरणाला न विचारता बोलणारा मनुष्य. तो १९९२ नंतर हळूहळू निर्माण झाला. संमेलनांत एकमेकांशी बोलणारे, नाटके करणारे, २०१८ मध्ये ड्युओलिंगोवर सुरू झालेल्या अभ्यासक्रमाला हातभार लावणारे जे थोडे लोक आहेत, त्यांच्या बोलण्यात अडखळणे आहे, घाई आहे, निरनिराळ्या मातृभाषांचे सूर आहेत. शुद्धतेच्या दृष्टीने ग्रंथकर्त्याची फीत त्यांच्याहून श्रेष्ठ असेल. पण पुराव्याच्या दृष्टीने त्यांचे सदोष बोलणेच अधिक मोलाचे आहे. अभ्यासकाने या भाषेचे ध्वनिमुद्रण ऐकावयाचे झाल्यास प्रथम फीत ऐकावी, आणि मग ती बाजूला ठेवून या लोकांचे बोलणे ऐकावे. नियम कोठे टिकतो आणि कोठे वाकतो, ते तेथेच कळेल.

मुत्सुन लोकांच्या वंशजांनी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपली भाषा पुन्हा बोलण्याचा प्रयत्न चालविला आहे. २०१६ मध्ये तिचा कोशही प्रसिद्ध झाला. त्यांचा मुख्य आधार कागदावरची टिपणेच आहेत. जी भाषा कोणाचीच नव्हती, तिच्या फिती दुकानांत विकत मिळत होत्या. आणि जी एका समाजाची होती, तिचा स्वर कागदावरून अनुमानाने उभा करावा लागत आहे. एकाच भाषाशास्त्रज्ञाच्या हातून गेलेल्या या दोन भाषा शेजारी ठेवल्या म्हणजे व्याकरण किती वाचवू शकते आणि काय वाचवू शकत नाही, याचा हिशेब पुरता लागतो.